साखरबाईंची भाची

कॉलेजच्या प्रवेश विभागात त्या बाईंना सगळे साखरबाई म्हणत, आणि बाईंना त्या नावाचीच शिसारी येई. काम सोपं होतं. शाळा संपवून आलेलं पोर आईबापांसोबत समोर बसलं, की 'आंतरराष्ट्रीय व्यापार' हा अभ्यासक्रम त्याच्या गळ्यात मारायचा. पालकांचं तळ्यात-मळ्यात सुरू झालं की हातातलं पेन खाली ठेवायचं. ती खूण होती. पलीकडच्या टेबलावरचा कारकून लगबगीने येई आणि म्हणे, "मॅडम, दोनच जागा उरल्यात हं!"

खरं तर अर्धा वर्ग रिकामा असे. परकी भाषा शिकवणारे मास्तर कधीच सोडून गेले होते. परदेशी कंपनीचा अनुभव म्हणून पोरांना एका गोदामात खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला धाडत. हे सारं ठाऊक असून बाई गोड गोड बोलत राहत. घरी गेल्यावर आधी खळखळून चूळ भरत, तरी तोंडाची घाण वाटायची ती वाटायचीच.

एक दिवस थोरली बहीणच लेकीला घेऊन समोर येऊन बसली.

"हिला देशोदेशी माल पाठवायच्या धंद्यात जायचंय," ताई म्हणाली. "म्हटलं, आपलं माणूस असताना बाहेर कशाला विचारा?"

"मावशी, तू सांगशील तोच विषय घेणार," भाची म्हणाली.

बाईंनी सवयीने पेन खाली ठेवलं. कारकून टपलेलाच होता.

"मॅडम, दोनच..."

"जा रे तू!" बाई खेकसल्या. मग पुढे वाकून हळूच म्हणाल्या, "इथे नको गं. सरकारी कॉलेजात जा. अर्थशास्त्र घे, हिशेब पक्का कर, जोडीला एखादी परकी भाषा नीट शिक. इथे नुसती पाटी आहे, आत काही नाही."

भाचीने मावशीचा हात घट्ट दाबला. कितीतरी दिवसांनी बाईंना स्वतःची किळस वाटली नाही.

त्या दोघी उठल्या तोच मागचे बापलेक पुढे सरकले. बापाने आजच्यासाठी नवे बूट घातले होते आणि ते त्याला चावत होते. मुलगी खुर्चीच्या टोकावर अंग चोरून बसली.

"आंतरराष्ट्रीय व्यापार ना?" बाईंच्या तोंडून साखर गळू लागली. "अगदी योग्य जागी आलात. हिचं नशीब उघडलं म्हणून समजा."

दारापाशी पोचलेली भाची थबकली. ती परत आली आणि मावशीकडे न बघता त्या बापाला म्हणाली, "काका, ही माझी सख्खी मावशी. इथे प्रवेश घेऊ नकोस, असं आत्ताच हिने मला सांगितलंय."

बाईंनी तिला आवरायला हात पुढे केला. भाचीने तो अंगाला लागू दिला नाही.