मिसेस गणेश

पहिल्या भेटीत वसुधा मावशींनी मला नाव विचारलं. मी म्हटलं, "केतकी."

"पूर्ण?"

"केतकी जाधव."

"तसं नव्हे गं. मार्कशीटवरचं."

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या तळ्याकाठी, भर सकाळी दहा वाजता, मी बोर्डाच्या परीक्षेला बसल्यासारखी म्हणाले, "जाधव केतकी श्रीकांत सुमन." त्यावर त्यांचा चेहरा खुलला. "हां! आता ओळख झाली."

कामाच्या दिवशी सकाळी दहाला त्या तळ्याभोवती दोनच प्रकारचे मराठी लोक फिरतात. मुलांकडे राहायला आलेले आईवडील आणि नुकतीच नोकरी गेलेले. मावशी पहिल्यातल्या, मी दुसऱ्यातली. हे त्यांनी मला पाहूनच ओळखलं असावं, कारण पुढचा प्रश्न होता, "किती दिवस उरले?" नोकरी गेली की आम्हा व्हिसावाल्यांना साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी नोकरी मिळाली तर ठीक, नाहीतर गाशा गुंडाळायचा. माझे एकोणपन्नास उरले होते. गाशा गुंडाळून जायचं ते कराडला, आणि कराडला आईनं स्थळांची यादी तयार ठेवली होती. हातात नोकरी नसलेल्या एकतीस वर्षांच्या मुलीला त्या यादीपासून कुणी वाचवू शकत नाही.

मावशींचं वय सत्तर. सलवार-कमीजवर जावयाचं जाडजूड जॅकेट, पायात नातीचे गुलाबी बूट, आणि चाल अशी की बोलता बोलता मला धाप लागायची. बावीस वर्षं त्यांनी बहारीनला, मनामातल्या एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात काढली होती. त्यांचे यजमान, केळकर काका, वारल्यावर मुलगी श्वेता त्यांना इकडे घेऊन आली.

"तुम्ही पोरं अमेरिका नाहीतर घर, एवढंच बघता," त्या म्हणाल्या. "अगं, मधे अख्खं आखात आहे! विमानसुद्धा तिथे थांबतं, तुम्हीच थांबत नाही."

खरं सांगते, मला राग आला. माझ्या डोक्यात आखात म्हणजे खजूर, सोनं आणि लांबच्या नात्यातला कुणीतरी फोरमन. अमेरिकेतून तिकडे जायचं म्हणजे पायरी उतरायची, असं मला वाटायचं. पण ताठ्यात राहायला दिवस कुठे होते? मी गुपचूप मस्कत, दोहा, दुबई, दिसेल तिथे अप्लाय केलं. दोन आठवडे एकाचंही उत्तर नाही. शेवटी रेझ्युमे घेऊन श्वेताच्या घरी गेले.

मावशींनी चष्मा लावला, कागद उलटा-सुलटा केला. "हा रेझ्युमे आहे की निनावी पत्र? फोटो नाही, जन्मतारीख नाही, देश नाही. लग्न झालंय की नाही, ड्रायव्हिंग येतं की नाही, काही पत्ता नाही."

"मावशी, इथे हे सगळं लिहीत नाहीत. इल्लीगल वाटतं."

"इथे नको लिहूस. तिकडे लिही. व्हिसा कंपनीलाच काढायचा असतो, मग कुणाचा काढायचा ते त्यांना कळायला नको?"

त्याच दुपारी भिंतीपुढे उभं करून त्यांनी माझा फोटो काढला, हसू पुसायला लावून. आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य आलं, "आधी कागद, मग कंपनी." कागद म्हणजे माझी प्रमाणपत्रं. ती त्यांनी टेबलावर शेजारी शेजारी मांडली. पासपोर्टवर केतकी श्रीकांत जाधव. अमेरिकन मास्टर्सवर केतकी जाधव. आणि इंजिनिअरिंगच्या पदवीवर, आपल्या विद्यापीठांच्या रीतीप्रमाणे आडनाव आधी आणि आईचं नाव शेवटी, जाधव केतकी श्रीकांत सुमन.

"या तीन वेगळ्या बायका आहेत," मावशी म्हणाल्या. "आता मिसेस गणेशची गोष्ट ऐक."

मावशी बहारीनला गेल्या तेव्हा लग्नाला चार महिने झाले होते आणि कागद माहेरच्याच नावाचे होते. पदवीवर लिहिलं होतं, परांजपे वसुधा गणेश. बँकेतल्या कारकुनानं शेवटचा शब्द हेच आडनाव धरलं आणि रजिस्टरमध्ये मिसेस गणेश अशी नोंद केली. मावशींना वाटलं, पहिल्याच दिवशी कुठे तक्रार करायची? पगाराच्या चिठ्ठीवर गणेश, दारावरच्या पाटीवर गणेश. सहा महिन्यांनी केळकर काका तिथेच नोकरी मिळवून पोचले, तर विमानतळावर घ्यायला आलेला बँकेचा ड्रायव्हर हातात पाटी धरून उभा, मिस्टर गणेश!

"बावीस वर्षं बिचारा सासऱ्याच्या नावानं हाकेला ओ देत होता," मावशी डोळे पुसत हसल्या. "माझे वडील म्हणायचे, लोकांना जावई मिळतो, मला दत्तक मुलगा मिळाला."

हसून झाल्यावर त्या गंभीर झाल्या. बहारीन सोडताना पैशांचे आणि सेवेचे कागद परांजपे नावानं करून घ्यायला त्यांना वर्ष लागलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला नोटरीकडे नेलं. ही तिन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत, असं प्रतिज्ञापत्र केलं. मग राज्य सरकारच्या शिक्क्यासाठी राजधानीला, रॅलेला. गाडी मी ड्राइव्ह करत होते आणि शेजारी मावशी फाइल मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. मला अजून एकाही कंपनीचा फोन आला नव्हता, आणि या बाईचा उत्साह बघावा तर उद्याच जॉइन व्हायचंय!

नव्या रेझ्युमेला सहा दिवसांत तीन उत्तरं आली. त्यातलं एक मस्कतच्या माल वाहतूक करणाऱ्या कंपनीचं, डेटाबेसच्या कामासाठी. मी स्वयंपाकघरात नाचले. मावशींनी नाचू दिलं आणि मग इंटरव्ह्यूची तालीम सुरू केली. त्या स्वतः साहेब व्हायच्या. "हाऊ इज युअर फॅमिली?" मी म्हणायचे, "फाइन, थँक यू. इन माय लास्ट प्रोजेक्ट..."

"थांब! लगेच कामावर कसली उडी मारतेस? त्यांनी घरच्यांची चौकशी केली की नीट उत्तर द्यायचं आणि उलट त्यांच्या घरच्यांची करायची. माणूस कळल्याशिवाय काम कळत नाही."

"आणि अमेरिका का सोडतेस असं विचारलं तर?" मी म्हटलं.

मला याच प्रश्नाची धास्ती होती. मी दोन-तीन चकचकीत उत्तरं पाठ करून ठेवली होती. मावशींनी ती ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "त्यापेक्षा खरं सांग. काढलं म्हणजे काही चोरी नाही केलीस."

तो प्रश्न आलाच. सकाळी सातला, व्हिडिओवर, पंधरा मिनिटं आमच्या दोघांच्या आयांच्या गुडघेदुखीबद्दल बोलून झाल्यावर. मी सांगितलं, माझी टीम बंद झाली, मला काढलं, आणि मला हेच काम पुढे करायचंय. साहेब म्हणाले, "गुड. धिस वर्क वी हॅव."

ऑफर लेटर आलं तेव्हा सात दिवस उरले होते. मी ते मावशींना मोठ्यानं वाचून दाखवायला लागले आणि पहिल्याच ओळीवर अडखळले. डिअर मिस सुमन.

"आली! मिसेस गणेशची भाची आली!" मावशी ओरडल्या. पण मी पत्र खाली ठेवलं. याच नावानं व्हिसा निघाला तर पासपोर्टशी जुळणार कसा? मावशींनी फाइल उघडली. प्रतिज्ञापत्र, शिक्का, पासपोर्ट, सगळं स्कॅन करून दहा मिनिटांत पाठवलं. दुसऱ्या दिवशी सुधारलेलं पत्र आलं. मी मावशींना मिठी मारली, उचललंसुद्धा.

व्हिसाची वाट कराडला बघायची असं ठरलं. कराडला जाताना मी नोकरीवाली मुलगी होते, त्यामुळे यादी घडी करून कपाटात गेली. विमानतळावर सोडायला मावशी आल्या होत्या. मी म्हटलं, "मावशी, थोडं पायरी उतरल्यासारखं अजून वाटतंय हो."

त्या म्हणाल्या, "मी अमेरिकेत आले आणि आजी झाले. नात गोड आहे, श्वेता काही कमी पडू देत नाही. पण इथे मला कुणी काही विचारत नाही गं. तिथे सिस्टिम बंद पडली की सगळी बँक मला शोधायची. जिथे आपल्याला शोधतात, ती वरची पायरी."

महिन्याभरानं, मस्कतच्या पहिल्या कामाच्या दिवशी, संध्याकाळी खोलीवर आले. रविवार होता, तिकडे आठवडा रविवारी सुरू होतो. आईनं फोनवर विचारलं, जेवलीस का? मैत्रिणींनी विचारलं, फार उकडतंय का? मावशींना फोन लावला, तर तिकडून पहिलाच प्रश्न, "काम काय दिलं?"

मी सांगत सुटले. बोटीवरून उतरणाऱ्या मालाच्या नोंदी दोन ठिकाणी होतात आणि एकमेकींशी जुळत नाहीत, त्या मला एकत्र करायच्या आहेत. मावशी मधेमधे प्रश्न विचारत होत्या, आणि प्रश्न असे नेमके की मी वही काढून लिहून घेतले. पाऊण तास झाला. मी म्हटलं, "मावशी, आता ठेवू का?"

"उद्या किती वाजता निघायचं?"

"साडेसातला."

"मग लवकर झोप," त्या म्हणाल्या. "उद्या आपल्याला ऑफिस आहे."