वहिनींचा लोखंडी झोपाळा

एखादी गोष्ट जमणार नाही असं सांगितलं, की आमच्या शेजारच्या वहिनी ओढणी कमरेला घट्ट बांधायच्या आणि म्हणायच्या, "बरं. मग कसं जमेल तेवढं सांगा." वाद नाही, रुसवा नाही. नकार द्यायला आलेला माणूस सल्ला देऊन परत जायचा. तुमच्याही शेजारी अशी एखादी बाई असेलच.

त्या दुबईत अल बर्शातल्या एका जुन्या व्हिलाच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. मी बाजूच्या इमारतीत. त्यांचे यजमान एका बांधकाम कंपनीत होते, मी दुसरीत सेफ्टी ऑफिसर. २००८ची मंदी आली आणि साइटवरच्या क्रेन जागच्या जागी थांबल्या. यजमानांच्या कंपनीचं वर्कशॉप बंद झालं, तेव्हा त्यांनी तिथलं एक छोटं वेल्डिंग मशीन स्वस्तात घरी आणलं. विकू म्हणाले, पण घेणार कोण? मशीन अंगणात पडून राहिलं आणि वहिनींनी त्याचा ताबा घेतला. पहिल्यांदा तुळशीच्या कुंडीचं स्टँड झालं. ते तीन पायांवर उभं राहायचं आणि चौथा पाय शोभेला होता.

माझ्या साइटवरचे वेल्डर एव्हाना आपापल्या गावी गेले होते. हाताखाली उरल्या त्या फक्त वहिनी. त्यांना मी नियम शिकवले ते त्यांनी एकेक चूक केल्यावर. मीना बझारमधला काळा गॉगल लावून त्यांनी पहिलं वेल्डिंग केलं आणि दुसऱ्या दिवशी डोळ्यांत वाळू गेल्यासारख्या रडत बसल्या. मग मी त्यांना काळ्या काचेचा मुखवटा आणून दिला. सिंथेटिक ड्रेसला ठिणगीने भोकं पडली, तेव्हा त्या यजमानांची सुती पँट घालू लागल्या. गॅसचा सिलिंडर अंगणातून हलवला, शेजारी वाळूची बादली आली. वाळूची इथे टंचाई नव्हतीच.

अडलं ते मंगळसूत्रावर. काम करताना गळ्यात धातू नको, असं मी सांगितलं. खुंटीवर टांगायला त्या तयार नव्हत्या. शेवटी त्यांनी ते काढून यजमानांच्या गळ्यात घातलं. पुढे सुटीचे कित्येक शुक्रवार मी त्या गृहस्थांना मंगळसूत्र घालून पेपर वाचताना पाहिलंय. त्यांना त्याचं काहीच वाटत नसे. मला मात्र हसू दाबायला फार कष्ट पडत.

मग पुढच्या वर्षी जावयाची नोकरी गेली. तो आणि वहिनींची गरोदर मुलगी दोघंही इकडेच राहायला आली. डोहाळजेवण पुण्याला करायचं ठरलं होतं, ते बारगळलं. मुलगी कुणाशी धड बोलेना. वहिनींनी जाहीर केलं की डोहाळजेवण अंगणात होईल, मुलगी झोपाळ्यावर बसेल आणि तो झोपाळा त्या स्वतः करतील.

मी आणि यजमान दोघंही हादरलो. कुंडी पडली तर माती सांडते, इथे पोटुशी मुलगी बसणार होती.

पाइप त्यांनी चकचकीत आणले, इथल्या दमट हवेत गंजू नयेत म्हणून जस्ताचा मुलामा दिलेले. वर राहणाऱ्या कुटुंबाच्या डोळ्यांना त्रास नको, म्हणून वरून आणि चारी बाजूंनी ताडपत्री ओढली आणि आत बसून दुपारभर वेल्डिंग केलं. संध्याकाळी हुडहुडी भरून ताप आला. मी पाइप पाहिले आणि कपाळाला हात लावला. तापलेल्या जस्ताचा धूर कोंडून त्यांनी पोटभर घेतला होता. मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं आणि आल्यावर खूप बोललो. यजमान म्हणाले, खलास, सजवलेली खुर्ची भाड्याने आणू.

वहिनी पांघरुणातून म्हणाल्या, "या घरात सध्या वाईट बातमीशिवाय काही येत नाही, भाऊजी. एक गोष्ट तरी माझ्या हाताने उभी राहू दे."

ताप उतरल्यावर मीच त्यांच्याबरोबर दुकानात गेलो.

मुलामा नसलेले साधे काळे पाइप आणले. ताडपत्री फक्त वरच्या खिडक्यांच्या बाजूला, बाकी वारा मोकळा. काम चालू असताना मुलीने आसपास थांबायचं नाही, हा माझा नियम. त्यामुळे ती आणि जावई रोज मेट्रोने कुठेतरी जाऊन येऊ लागली. त्या निमित्ताने ती एकमेकांशी बोलू लागली, हे वहिनींनीच मला हळूच सांगितलं.

झोपाळा उभा राहिल्यावर त्यावर तांदळाच्या गोणी रचल्या. थोड्या वेळाने वरचा सांधा उकलला आणि गोणी धाडकन खाली आल्या. नेमकी तेव्हाच मुलगी फाटकातून आत आली होती. "आई, प्लीज. मी नाही बसणार यावर," एवढं बोलून ती आत गेली. वहिनी तिच्यामागे गेल्या नाहीत. त्यांनी सांधा निरखून पाहिला. लोखंड वरवर चिकटलं होतं, आतपर्यंत वितळलंच नव्हतं. त्यांनी सगळेच सांधे कापून काढले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी गोणी आठवडाभर झोपाळ्यावर राहिल्या. मग वहिनी स्वतः बसल्या, मग यजमानांना शेजारी घेऊन बसल्या. मुलगी खिडकीतून हे सगळं बघत होती.

डोहाळजेवणाला बर दुबईच्या देवळाच्या गल्लीतून मोगऱ्याचे गजरे आले. बायकांच्या घोळक्यात मी एकटाच पुरुष, झोपाळ्याच्या एका खांबाशी उभा, कारण वहिनींचा तसा हुकूम होता. हिरवी साडी नेसलेली मुलगी झोपाळ्यापाशी आली, थबकली आणि आईकडे बघून बसली.

बायका गाऊ लागल्या. औक्षण झालं, ओटी भरली. वहिनी यातल्या कशातच नव्हत्या. त्या स्टुलावर चढून वरच्या सांध्यावर तळहात दाबून उभ्या होत्या. कुणी तबक पुढे केलं तर मान हलवत.

मुलीने वर पाहिलं. "आई, हात काढ आता. धरलंय सांध्याने."

वहिनींनी हात काढला. मुलीने पायाचा अंगठा जमिनीला टेकवला आणि पहिला झोका घेतला.