सयाजीच्या शर्टाचा बाळंतविडा

सयाजीची ट्रंक पलटणीतून घरी आली, ती एकाहत्तरची लढाई संपल्यावर पुढच्या उन्हाळ्यात. सयाजी आला नाही. त्याच्याबद्दलच्या तारेत ‘बेपत्ता’ म्हटलं होतं. उंब्रजच्या पोस्टमास्तरांनी तार वाचून अर्थ सांगितला, तेव्हा त्याची आई धोंडुबाई म्हणाली, “म्हंजी हाय कुटंतरी. घावला न्हाई एवढंच.” त्या दिवसापासून घरात तेच खरं धरून चालायचं ठरलं. सयाजीची बायको हरणा त्यावर कधी काही बोलली नाही.

ट्रंकेत त्याचे साधे कपडे होते. पांढरे सदरे, लेंगे, निळ्या रेघांचा एक शर्ट, लोकरीचा मफलर. दर सोमवारी धोंडुबाई ते सगळे काढून अंगणातल्या दोरीवर उन्हाला घालायची. कसर लागू नये, पोरगा आला की घालायला तयार असावेत. दुष्काळाचं साल. वारा सुटला की धुळीचा लोट यायचा आणि सदरे फुगायचे, बाह्या हलायच्या. वाटेनं जाणारी माणसं थबकायची. एकदा शेजारचे नानासो तर दारात येऊन विचारून गेले, “सयाजी आला व्हय गं? पाठमोरा दिसला अंगनात.” हरणानं ‘न्हाई’ म्हणून मान हलवली. तिलाही तो तसाच दिसायचा. चुलीपुढून उठून बाहेर आली की आधी तो आलाच असं वाटायचं, आणि मग दोरी दिसायची. सोमवार आला की ती अंगणाकडं पाठ करून कामं उरकू लागली.

त्याच साली शालू, सयाजीची धाकटी बहीण, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दसऱ्याच्या सुमाराला तिला मुलगा झाला. आता तिला आष्ट्याला सासरी धाडायचं म्हणजे बाळंतविडा द्यायला हवा. कुंची, झबली, दुपटं, काहीतरी खेळणं. ऊस जळून गेलेला. सासू-सुना दोघी खडी फोडायला जात होत्या, आणि मिळेल ते पोटालाच पुरत नव्हतं. हरणाला शिवण चांगलं यायचं. जुन्या, मऊ कापडाची कुंची बाळाला नव्यापेक्षा बरी, हेही तिला ठाऊक होतं. पण घरातली लुगडी इतकी विरलेली, की सुई घालावी तिथं चिरत जायची.

एका सोमवारी तिनं दोरीवरून निळ्या रेघांचा शर्ट काढला, मांडीवर पसरला आणि कात्री उचलली.

धोंडुबाई आतून धावतच आली. “आगं, काय करतीस? माजं लेकरू जितं हाय. जित्या मानसाची कापडं फाडत्यात व्हय?”

“जितं हायेत म्हनूनच फाडतीया, आत्या,” हरणा म्हणाली. “मेल्याचं कापड तान्ह्या लेकराच्या अंगाला कोन लावील का? मामाचं हाय. मामावानी दांडगं हूं दे पोरगं.”

धोंडुबाई उभ्याची खाली बसली. तिनं शर्टाचा काठ बोटांत धरला. मग म्हणाली, “कॉलर तेवढी नगं कापू. त्याचा वास हाय त्याला.”

हरणानं कॉलर उसवून तिच्या हातात दिली. आपण बोललो त्यातला एक शब्दही आपल्याला खरा वाटत नाही, हे तिचं तिला माहीत होतं. सयाजीच्या पलटणीतला औंधचा एक जवान मध्यंतरी रजेवर आला असताना भेटून गेला होता. चहा घेतला, धोंडुबाईच्या पाया पडला. पण जाताना त्यानं हरणाकडं डोळे वर करून पाहिलं नाही. तिला तेवढं पुरलं होतं.

कामाला सुट्टी असेल त्या दुपारी ती शिवायला बसायची, उंबऱ्याशी, दाराकडं पाठ करून. शिवता शिवता मागं कुणीतरी येऊन उभं राहिल्यासारखं वाटायचं. कापडावर सावली पडायची. वळून बघायचा धीर तिला व्हायचा नाही. “उजेड आडवू नगा,” ती हळूच म्हणायची, आणि सावली सरकायची. ढग म्हणावा तर त्या साली आभाळात ढग कुठला? बाळंतिणीच्या खाटेवरून शालू विचारायची, “वैनी, कुनाशी बोलतीस?” “दोऱ्याशी,” हरणा सांगायची.

निळ्या रेघांची कुंची झाली, तिला जुन्या चोळीच्या लाल काठाची पट्टी लागली. सदऱ्यांची झबली झाली. दुपट्यात सदऱ्याचे आणि लुगड्याचे धड तुकडे एकाआड एक आले. उरलेल्या चिंध्यांची बाहुली झाली, तिच्या पोटात सावरीचा कापूस भरला. शालूनं सगळं छातीशी धरलं आणि ती आष्ट्याला गेली.

महिनाभरात शालूचा नवरा भाऊसो एकटाच आला. धोंडुबाई खडीवर गेली होती. त्यानं ओट्यावर गाठोडं ठेवलं आणि खाली मान घालून म्हणाला, “पोराला ताप हाय. उतरंना झालाय. आईला कळलं हे कापड कुनाचं ते. गेल्या मानसाचं घरात नगं म्हनती.”

हरणानं गाठोड्यावर हात ठेवला. आपण खोटं बोललो, आणि त्या खोट्यात गुंडाळून लेकराला मरण धाडलं की काय? तिनं शेजारी निरोप ठेवला, गाठोडं उचललं आणि भाऊसोबरोबर एसटीत बसली. साऱ्या वाटेत गाठोडं तिच्या मांडीवर ऊबदार लागत होतं, झोपलेल्या माणसासारखं.

शालूची सासू रंगूबाई दारातच होती. “तू ये बाई. ते भाईर ठेव.” हरणानं गाठोडं पदराखाली घेतलं आणि तशीच आत गेली. बाळ तापानं लाल झालं होतं. शालूनं तिच्याकडं बघितलं.

“वैनी, खरं सांग. दादा हाय का?”

दारात रंगूबाई उभी होती. हरणानं पदराखालचं गाठोडं खाली ठेवलं. मग ती म्हणाली, “न्हाईत. मला पयल्यापासनं म्हाईत हाय.”

शालू रडली नाही. तिनं हात पुढं करून गाठोडं ओढलं, कुंची काढली आणि बाळाच्या डोक्यावर बांधू लागली.

“शालू, नगं,” हरणानं तिचा हात धरला.

“भ्यायचं कशाला? दादा हाय त्यो. सोताच्या भाच्याचं वाईट करील व्हय?” शालूनं गाठ मारली. “आन् माज्या पोराला त्याचं दुसरं काय मिळनार हाय?”

रंगूबाई आत निघून गेली. दोन दिवस डॉक्टरांचं औषध चाललं आणि ताप उतरला. कुंची त्या घरात राहिली. पण ती घातलेलं पोर रंगूबाईनं कधी मांडीवर घेतलं नाही.

हरणा घरी आली तेव्हा धोंडुबाईनं एवढंच विचारलं, “कुंची बसती का त्याला?”

“बसती, आत्या.”

त्यानंतर म्हातारीनं आपणहून ट्रंक उघडली. संक्रांतीला खडीवरच्या बायकांना वाण म्हणून काय द्यायचं, तर हरणानं सयाजीच्या लेंग्यांच्या चुंबळी वळल्या. पाट्या वाहून सगळ्यांचीच डोकी सोलली होती. बायकांनी हौसेनं घेतल्या. एकीनं मात्र दुसऱ्याच दिवशी परत आणून दिली. “लय मऊ हाय गं,” ती म्हणाली, “पन कुनीतरी डोक्यावर हात ठेवल्यावानी वाटतंय.” हरणानं ती चुंबळ स्वतःला ठेवली आणि पुढं कितीतरी दिवस तिच्यावरूनच पाट्या वाहिल्या.

शहात्तर साली धोंडुबाई गेली. पोरगा येईल, असं शेवटपर्यंत म्हणत गेली. तेराव्याला आष्ट्याहून शालू आली, गावच्या बायका जमल्या. हरणा पत्रावळी मांडायला बाहेर आली, तेव्हा तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं, हातांत बांगड्या नव्हत्या.

“आगं हरणा,” एकजण म्हणाली, “कवा कळलं सयाजीचं?”

“लय दिस झालं,” हरणा म्हणाली, आणि वाढायला वळली.