उभ्या गाडीचा खर्च

दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर त्यांची सारी नोकरी झाली. "पुढचे!" अशी हाक मारायची आणि जाणाऱ्याला नवी तारीख द्यायची, हे काम. त्यामुळे गल्लीत त्या पुढचेबाईच झाल्या. "बघू, कळवतो" म्हणणारा पेशंट गाल सुजल्याशिवाय परत फिरकत नाही, एवढं ज्ञान त्यांनी त्या टेबलावरून घरी आणलं होतं.

घरी नवरा होता. पाण्याच्या मीटरचे आकडे टिपत निवृत्त झालेले मीटरकाका. त्यांनी सगळा संसार "बघू" या एका शब्दावर काढला होता. त्यांच्या हौसेनं आलेल्या व्यायामाच्या सायकलवर टॉवेल वाळत. दुर्बीण माळ्यावर इतकी आत गेली होती, की शोधायला दुसरी लागली असती. आता त्यांना कॅम्परव्हॅन हवी होती. शिलकीत जे काही होतं ते तीत जाणार होतं, म्हणून पुढचेबाई गाडी बघायला बरोबर गेल्या.

गाडी एका बाईंच्या अंगणात उभी होती. बाईंचे यजमान गेल्या वर्षी वारले होते. गाडीत पलंग, शेगडी, बेसिन, सगळं हाताशी. मीटरकाका आत शिरताच विरघळले.

"चालवायचा खर्च किती येतो हो?"

"चालवायचा मला नाही माहीत," बाई म्हणाल्या. "उभी करायचा विचारा. विमा, कर, तपासणी. बॅटरी बसते, टायर जागच्या जागी तडकतात, टपातून पाणी झिरपतं. ती कोपऱ्यातली फळी दाबून बघा."

काकांनी दाबली. बोट आत गेलं.

"म्हणजे किंमत कमी होईल," ते खुशीत म्हणाले.

"तुम्ही कुठवर फिरलात हिच्यातून?" पुढचेबाईंनी विचारलं.

"फाटकापर्यंत. धुवायला बाहेर काढायचे. रविवारी आत बसून चहा प्यायचे हे. चहा मी घरातून आणून द्यायचे."

पुढचेबाई पलंगावर टेकल्या. पलंग तीन बाजूंनी भिंतीला चिकटलेला होता.

"अहो, आतल्या बाजूला कोण झोपणार? तुम्ही रात्री चारदा उठता."

"बघू."

त्यांनी पर्स मिटली. "निघायचं कधी?"

"अगं, आधी घेऊ तर दे! मग निघू कधीतरी."

"हा कुठला वार?"

"इथे दवाखाना उघडू नकोस."

"तारीख सांगा. नाहीतर बाईंना दुसरं गिऱ्हाईक बघू द्या."

काकांनी बेसिनचा नळ सोडला. पाणी आलं नाही. तरी ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

"एकवीस," ते अखेर नळाला म्हणाले.

"याच महिन्याची?"

"...याच."

"सकाळी?"

"सकाळी माझं पोट—"

"साडेदहा." पुढचेबाई मालकीणबाईंकडे वळल्या. "ताई, एकवीसपासून पंधरा दिवस भाड्यानं द्याल? टायर, बॅटरी आमच्या खर्चानं नवी घालतो. टप कारागिराला दाखवतो. परत आल्यावर आम्ही एकमेकांशी बोलत असलो, तर विकत घेऊ."

"भाड्यानं?" मीटरकाकांचा चेहरा दाढ काढायची आहे असं कळलेल्या माणसासारखा झाला.

"आणि बोलत नसलात तर?" बाईंनी विचारलं.

"तर टायर तुम्हाला राहतील."

बाईंनी दोघांकडे नीट बघून घेतलं.

"मग जरा चांगल्यातले घाला," त्या म्हणाल्या.