कवाडावरचा पहारा

लामावर, म्हणजे परदेशातल्या लढाईवर, जाण्याआधी आमचा घोडदळाचा रिसाला औरंगाबादच्या छावणीत होता. मी लान्स दफेदार होतो. आमच्या घरात अक्षर ओळखणारा पहिला मीच. त्याच अक्षरांनी पुढे मला पदवीपर्यंत नेले, त्यांचे ऋण मानतो. पण त्या आठवड्यात त्यांच्यामुळेच एक नकोसे काम माझ्याकडे आले.

सवार रंगनाथ रजा संपून नऊ दिवस झाले तरी परतला नव्हता. रिसालदारसाहेबांनी कागद माझ्या हाती दिला.

"पढ के सुनाना उसको. शनिवार सुबह छह बजे गिनती. नहीं आया तो फरार."

बुधवारी दुपारी एक वाजता, एक मोकळा घोडा सोबत घेऊन मी वडवणीजवळच्या त्याच्या वस्तीवर पोचलो. धनगराचे घर. अंगणाला काट्यांचे कुंपण आणि लाकडी कवाड. रंगनाथ लेकीला भाकरी कुस्करून भरवत होता. सोनी दीड वर्षाची. दोन महिन्यांपूर्वी तिची आई तापाने गेली. तेव्हापासून ती बापाखेरीज कुणाच्या हातचे खात नव्हती.

"कावून आला न्हाईस बे?" मी विचारले.

"निघालो होतो. अक्का म्हणली, पोर झोपल्यावर गुपचूप जा. तसाच गेलतो. दीड दिवस हिच्या पोटात कण न्हाई. बीडातून माघारी बोलावलं."

अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. ती चुलीपाशी होती. "सगळेच तसं करतेत. ही अशी हाय, मला काय ठावं?"

मी कागद वाचून दाखवला. तो घोड्यांसाठी पाणी आणायला उठला आणि कवाडापाशी गेला, तोच मागून बारीक आवाज आला.

"थम!"

रंगनाथ जागीच उभा राहिला. सोनीचा हा पहिला शब्द, आणि एकुलता एक. रजेत बापानेच तिला संत्रीचा, म्हणजे पहारेकऱ्याचा, खेळ शिकवला होता. संत्रीने थम म्हटले की तो जा म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही, मग तो रिसालदार का असेना. रंगनाथ खेळातही तो नियम मोडत नव्हता.

"जा म्हणायला न्हाई शिकवलंस?"

"कोणता बाप शिकवील, दफेदार?"

मग मी शिकवले. संध्याकाळपर्यंत मी त्या कवाडातून किती वेळा आत-बाहेर केले, मोजले नाही. शेवटी ती मला धडाधड जा म्हणू लागली.

अक्का हसली. "तुमाला तर आल्यापासून तेच म्हणायचं होतं तिला."

बापाला मात्र एकदाही म्हणाली नाही.

गुरुवारी सकाळी सात वाजता निघायचेच होते. त्याहून उशीर घोड्यांना झेपला नसता. रंगनाथ वर्दी चढवून कवाडापाशी आला.

"थम!"

तो सावधान उभा राहिला. सव्वासात झाले. साडेसात. मी दोन्ही लगाम धरून अस्वस्थ झालो होतो.

"रंगनाथ, चल बे."

"संत्रीचा हुकूम न्हाई."

सोनी जवळ आली. त्याच्या पायांवरच्या पट्ट्या चाचपल्या. वर बघितले. अक्काने मागून भाकरीचा तुकडा पुढे केला. पोरीने तो बापाकडे बघतच तोंडात घेतला. दुसरा घास. तिसरा.

"जा," सोनी म्हणाली.

रंगनाथने सलाम केला आणि घोड्यावर बसला.

शनिवारी पावणेसहाला आम्ही छावणीत होतो. आठ महिन्यांनी मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, वाळवंटात, पुढच्या टेहळणीवर, सवार रंगनाथ पडला. त्याच्या घरी जाणारे पत्र मीच लिहिले.

लाम संपल्यावर त्याचा फेटा घेऊन वस्तीवर गेलो. कवाडात एक मुलगी उभी होती, पाचेक वर्षांची.

"थम!"

मी थांबलो. फेटा दोन्ही हातांत होता. ती माझ्या मागच्या रस्त्याकडे बघत राहिली. अक्काने आतून हाक मारली, "या, दफेदार."

मुलगी जा म्हणाली नाही. मी पाय उचलला नाही.