दिगंबरची लांबडी

फोन आला तेव्हा मला आधी रागच आला. सातवीच्या वर्गात फळ्यावर भिंगाची आकृती काढत होते आणि पलीकडून सलीम म्हणाला, "आक्का, दिगाभाई गिर गये." दिगंबर पडला यात नवीन ते काय? त्या गाडीवरून तो इतक्यांदा पडला होता की त्याच्या गुडघ्यांवर धड कातडी उरली नव्हती. "पडला तर उठव की मग," असं मी बोलूनही गेले. पलीकडून सलीमचं रडणं ऐकू आलं. कन्नडच्या पुढे, घाटाच्या अलीकडे, माझा पाठचा भाऊ रस्त्यावर गेला होता. गेलेल्या माणसाविषयी चांगलं बोलावं म्हणतात. माणसाविषयी मी चांगलंच बोलेन. त्याच्या गाडीविषयी मात्र तोंडातून चांगला शब्द निघणं कठीण आहे.

आमचे आबा मेंढरं राखायचे. दिगंबर आणि मी त्यांच्या मागं रानोमाळ हिंडत वाढलो, मी शाळेत रमले आणि तो लोखंडात. चितेगावच्या एका कारखान्यात तो वेल्डिंगला लागला. हात असा सरळ की जोड कुठं आहे ते बोट फिरवूनही कळू नये. त्या हातानं त्यानं पाळणे केले, शाळेला झोपाळा करून दिला, माझ्या घराचं फाटक केलं. आणि मग मोबाइलवर कुठल्यातरी परदेशी मिशावाल्याची चॉपर, म्हणजे लांब नाकाची मोटारसायकल पाहिली अन् डोकं फिरलं. भंगारातून एक जुनी जड मोटारसायकल आणली, पुढचे दोन्ही दांडे कापून, मध्ये तुकडे जोडून हातभर लांब केले, चाक पार पुढं नेलं, हँडल कानाच्या वर चढवलं आणि बसायची जागा जमिनीला टेकवली. सलीम त्याचा मित्र, रंगारी. त्यानं टाकीवर ज्वाळा काढल्या. मुकुंदवाडीच्या आमच्या गल्लीत त्या दिवशी बारशाला जमावीत तशी माणसं जमली होती. म्हाताऱ्या कोंडाबाईनं गाडी डोळे भरून पाहिली आणि म्हणाली, "ही लांबडी रं कुठली आणलीस?" गावाकडं लांबडं म्हणजे साप. तेच नाव पडलं.

त्या लांबडीचं कौतुक करणाऱ्यांना मला एवढंच विचारायचं आहे, की तिच्यावरून कधी गॅसची टाकी आणली आहे का? भाजीची पिशवी अडकवायला तिला जागा नाही. पेट्रोल मावत नाही, म्हणून दर थोड्या वेळानं पंप शोधायचा. गतिरोधक आला की पोट घासायचं. पावसात चिखल थेट तोंडावर. उन्हाळ्यात मांड्या भाजायच्या. हात सतत वर धरून त्याचे खांदे इतके धरायचे की रात्री सुनीता, म्हणजे त्याची बायको, तेल चोळता चोळता म्हणायची, "शरण आल्यावाणी हात वर करून हिंडता, पोलिसांनी न्हेलं तर काय नवल?" पोलिसांनी दोनदा नेलीही. आवाज तर असा, की तो गल्लीच्या तोंडाशी आला की तान्ही पोरं दचकून रडायला लागायची. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती वळायची नाही. लांब दांड्यांनी तिला वळायला अख्खं मैदान लागायचं. गल्लीत तो उतरायचा, मागचं चाक उचलून सरकवायचा, पुन्हा पुढं, पुन्हा मागं... "रथाचा सारथी बघा," मी चिडवायचे. तो घामाघूम होऊन हसायचा. "आक्का, रस्ता सरळ असला म्हंजे झालं."

एकदा मी तिच्यावर बसले, हे लपवत नाही. माझ्यासाठी त्यानं मागं एक छोटी गादी जोडली आणि पैठण रोडनं घेऊन निघाला. चितेगाव मागं पडलं, रस्ता मोकळा झाला, आणि त्यानं हात ताणून मान मागं टाकली. खालून रस्ता इतका जवळून पळत होता की वाकून हात लावावा. त्याच्यासमोर काही नाही, काच नाही, कोणाचं डोकं नाही. जन्मभर मेंढरांच्या, मग साहेबांच्या मागं चाललेला माणूस तिथं सगळ्यांच्या पुढं होता. पंपावर शर्टाला इस्त्री केलेली माणसं स्वतः होऊन त्याच्याशी बोलायला येत. कारखान्यात त्याला नावानं हाक मारणारे थोडे. रस्त्यावर मात्र तो दिगाभाई. हे सुख मला कळलं, म्हणूनच ती गाडी मला जास्त डाचू लागली. एवढं सुख द्यायचं आणि वळायचं मात्र नाही, हा कुठला न्याय?

तो गेला त्या दिवशी काय झालं, ते एका मेंढपाळानं सांगितलं. तो आपणहून मुकुंदवाडीला आला, दारातच बसला, पाणीसुद्धा घेईना. "बाई, गाडीच्या आवाजानं मेंढरं बुजली आन् रस्ताभर फाकली," तो म्हणाला. "सरळ आले असते तर माझी चार मेंढरं गेली असती, पर तुमच्या भावाला लई काय झालं नसतं. त्यांनी मेंढरात घातली नाय गाडी. कडंला घ्यायला बघितलं. गाडी काय वळंना..." लांबडी पुलाच्या कठड्यावर गेली. गाडीला फारसं काही झालं नाही. टाकीवरच्या ज्वाळांना एक ओरखडा.

दहावा पैठणला, गोदाकाठी केला. त्याच्या मित्रमंडळाची पोरं आपापल्या तसल्याच गाड्या घेऊन आली आणि लांबडीही चालवत घेऊन आली. मी काही बोलले नाही, ती पोरं मनापासून रडत होती. पण पिंड ठेवला आणि त्यांनी काय करावं? घाटावर ओळीनं उभं राहून, सलामी म्हणून, सगळ्यांनी मिळून जागच्या जागी गाड्या गुरगुरवल्या. काठावरच्या झाडांवर होते नव्हते तेवढे कावळे उडाले, ते नदीपार गेले. मग सगळे तासभर आभाळाकडं बघत बसले. गुरुजी म्हणाले, "काहीतरी इच्छा राहिलीय. बोला, शब्द द्या."

सुनीता पुढं झाली, "गाडी इकणार नाय." कावळा नाही. सलीम हात जोडून म्हणाला, "दिगाभाई, हर साल इसकू रंग करूंगा मैं." नाही. मग पल्लवी उठली, दिगंबरची लेक, माझी भाची, कॉलेजात शिकते, बापाच्या वळणावर गेलेली. "पप्पा, तुमची गाडी मी चालवीन," ती म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या, कुणी शाबासही म्हणालं. कावळा तरीही नाही. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले तेवढ्यात माझा तोल गेला. मी पिंडासमोर उभी राहून ओरडले, "दिग्या, त्या गाडीवर पोरीला बसू देणार नाय मी! ऐकू आलं का तुला?" आणि कावळा आला. सरळ उतरला, घास उचलला, गेला. सगळा घाट माझ्याकडं पाहत राहिला. सलीमनं तर माझे पाय धरले.

पल्लवी त्यानंतर माझ्याशी बोलली नाही. गाडी मात्र तिनं दारातच ठेवली, रोज पुसायची. गेल्या रविवारी मी गेले तेव्हा किल्ली तिच्या हातात होती आणि सुनीता दारात पदराचा बोळा तोंडाला लावून उभी होती. पल्लवीनं मला सरळ विचारलं, "आत्या, तुम्ही शाळेत विज्ञान शिकवता. खरं सांगा. कावळा तुमच्या बोलण्यानं आला का?"

सुनीता माझ्याकडं बघत होती. नुसतं हो म्हणायचं होतं. पोरगी त्या एका शब्दानं जन्मभर बांधली गेली असती, आणि मला तेच तर हवं होतं! पण वर्षानुवर्षं पोरांना एक सांगायचं आणि घरच्या पोरीला दुसरं, हे जमेना. तिचे डोळे अगदी दिगंबरसारखे, समोरच्यावर विश्वास टाकून बसणारे. "नाही," मी म्हणाले. "गाड्या बंद होऊन बराच वेळ झाला होता. भूक लागली, आला."

पल्लवीनं लांबडी स्टँडवरून काढली. गल्लीच्या तोंडाकडं फिरवायला लागली. पुढं, मागं, पुन्हा पुढं. चाक एकदा भिंतीला लागलं, एकदा ओट्याला. मी हात लावला नाही. मागचं चाक उचलायला तिच्यात बापाएवढा जोर नव्हता. मध्येच, गाडी गल्लीत आडवी अडकलेली असताना, ती थांबली. धापा टाकत होती.

"मग पप्पांची काय इच्छा राहिली होती, आत्या?"

"वळायचं होतं गं त्याला," मी म्हणाले. "मेंढरं दिसली, वळायचं होतं. बस."

तिनं गाडी तिथंच स्टँडवर लावली. मग किल्ली ओट्यावर ठेवली, घरातून एक पोतं आणि पान्यांची पेटी आणली, पोतं गल्लीतच अंथरलं, "दांडे आखूड करू, म्हणजे वळेल," म्हणाली आणि पुढच्या चाकाचा नट सोडवायला खाली बसली. नट हलेना. दिगंबरनं आवळलेला होता तो. मी पदर खोचला, तिच्या शेजारी बसले आणि पान्याला हात घातला.