पडल्यावर फुगणारे जाकीट

तपासनीस खुर्चीवर बसण्याआधी तिची पाठ धरून तिला एक झोका देत. खुर्ची करकरली तर उभे राहत, आणि यजमानांनी दुसरी आणली तर तिलाही तोच न्याय लावत. यात कुणाविषयी संशय नव्हता. उभे आयुष्य त्यांनी उंच इमारतींतल्या लिफ्ट तपासण्यात घालवले होते. दोर बघायचे, खालच्या खड्ड्यात उतरून स्प्रिंगा बघायच्या, पिंजऱ्यात क्षमतेहून जास्त लोखंडी वजने भरून तो वरखाली न्यायचा, आणि मगच सही करायची, हा त्यांचा धर्म होता. सही केल्यावर ते स्वतः मात्र जिन्याने उतरत. कुणी विचारलेच तर म्हणत, "सही लोकांसाठी असते."

निवृत्तीनंतर लोखंडी वजने कार्यालयात राहिली आणि सवय घरी आली. छत्री घेताना ते ती दुकानातच इतक्या वेळा उघडत आणि मिटत, की दुकानदार नकळत छताकडे बघू लागे. पलंग घेताना त्यांनी साडूंना एका बाजूला आणि मेहुण्याला दुसऱ्या बाजूला झोपवले होते आणि स्वतः मधोमध उडी मारली होती. पलंग टिकला. साडूंनी मात्र त्या रस्त्याने जाणे सोडले. माणूस दुधाने तोंड पोळल्यावर ताक फुंकतो. आमचे तपासनीस दूध तापत ठेवण्याआधीच फुंकायला बसतात, असे नातेवाईक म्हणत, आणि ते तपासनिसांना प्रशस्तिपत्र वाटे.

त्यांच्या पत्नी शाळेत भूगोल शिकवत असत. निवृत्त झाल्यावरही सगळे त्यांना भूगोलाच्या बाई म्हणूनच ओळखत. महासागर, प्रवाह, भरती-ओहोटी या विषयांवर त्या फळ्यापुढे उभ्या राहून पिढ्यान् पिढ्यांशी बोलल्या; भिंतीवरच्या नकाशातला निळा रंग त्यांच्या छडीने जागोजागी पुसट झाला. परंतु ज्याला किनारा नाही असा समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. मुलांना त्या जे सांगत आल्या, ते सारे ऐकीव होते, आणि ही गोष्ट त्यांना वर्गात कुणाच्याही लक्षात न येता वर्षानुवर्षे बोचत होती.

त्यांच्या धाकट्या भावाकडे, म्हणजे पलंगाच्या चाचणीतल्या त्या मेहुण्याकडे, एक शिडाची होडी होती. दूरच्या बेटापर्यंत जायचे, वाटेत एक रात्र खुल्या समुद्रावर काढायची, असा बेत भावाबहिणीने केव्हाच आखून ठेवला होता. रात्रीच्या पाळ्यांना तीन माणसे हवीत. तिसरे माणूस तपासनीस. मेहुण्याची अट एकच होती: ज्याने त्याने आपल्या अंगाला बसणारे जीवरक्षक जाकीट स्वतः निवडून आणायचे. ही अट तपासनिसांना इतकी पटली, की ते निवडीला लागले आणि दोन हंगाम निघून गेले. पहिला हंगाम माहितीपत्रकांत गेला, दुसरा रंगात. तिसऱ्या हंगामाच्या तोंडावर मेहुण्याने फोन केला.

"ताई, होडी विकायची ठरवलीय. गुडघे साथ देत नाहीत. या शनिवारी निघू, नाहीतर मग राहिलंच."

बाईंनी फोन ठेवला आणि नवऱ्याला त्या एवढेच म्हणाल्या, "अहो, चपला घाला. दुकानात जायचंय."

जहाजी सामानाचे ते दुकान धक्क्यामागच्या गल्लीत होते. दोरखंडांच्या वेटोळ्यांमागे मालकीणबाई चहा पीत बसल्या होत्या. त्यांनी तपासनिसांच्या गळ्यात एक जाकीट घातले. ते जाकीट कसले, दोन लाल पट्ट्यांचा जाडसर गळपट्टाच तो.

"यात हवा कुठाय?" तपासनिसांनी विचारले.

"आत्ता नाही. पाण्यात पडलात की आपोआप भरते. आत गॅसचं सिलिंडर आहे."

"म्हणजे आधी पडायचं."

"हो."

"तहान लागल्यावर विहीर खणायची."

"विहीर खणलेलीच आहे साहेब. फक्त झाकण लावलंय."

"आणि नाही भरली तर?"

"ही दोरी ओढायची."

"दोरी ओढूनही नाही भरली तर?"

"ही नळी. तोंडानं फुंकायची."

"मी बुडत असताना फुगा फुगवत बसू?"

"बसायचं नाही," मालकीणबाई कप खाली ठेवत म्हणाल्या, "तरंगत फुगवायचा."

मग प्रकारांची चर्चा झाली. एका जाकिटात पाणी लागताच विरघळणारी गोळी होती. ती विरघळली की सिलिंडर फुटे. दुसऱ्यात पाण्याच्या दाबावर उघडणारी झडप होती, म्हणजे माणूस खरोखर पाण्याखाली गेल्याशिवाय ते फुगत नसे. मालकीणबाईंनी दुसरे सुचवले. "शिडाच्या होडीवर लाटांचे शिंतोडे सारखे उडतात. गोळीवालं घेतलंत तर जेवता जेवता फुगाल." दाब हा तपासनिसांच्या ओळखीतला शब्द होता. त्यांनी प्रथमच मान डोलावली. बाईंनी तेवढ्यात दोन जाकिटे बाजूला काढायला सांगितली.

"थांब, थांब," तपासनीस म्हणाले. "हे खालचे पट्टे कशाला लोंबताहेत?"

"ते मांड्यांमधून घेऊन पुढे अडकवायचे."

तपासनिसांनी आजूबाजूला पाहिले. दुकानात चौथे कुणी नव्हते, तरी त्यांनी आवाज उतरवला. "हे काढून मिळतं का?"

"मिळतं. मग पडल्यावर जाकीट वर जातं आणि माणूस खाली."

"लाज वाचवायची की जीव, ते तुम्ही ठरवा," बाई म्हणाल्या. "मला दोन्ही मान्य आहे."

पट्टे राहिले. पुढचे बक्कल झाले, होडीला बांधून घ्यायच्या दोराचा हूक अडकवायची कडी झाली, दिवा झाला, शिट्टी झाली, तोंडावर लाटा येऊ नयेत म्हणून असलेले पारदर्शक टोपडे झाले. आता खरेदी पुरी झाली असे कुणालाही वाटले असते. पण इथेच तपासनिसांचे घोडे अडले.

"हे फुगतं, हे मला दाखवा."

"फुगवते," मालकीणबाई म्हणाल्या, "पण मग सिलिंडर संपलं. नवं घालावं लागेल."

"नवं तपासलेलं नसेल."

"नसेल."

"म्हणजे जे तपासलं ते वापरता येत नाही, आणि जे वापरायचं ते तपासता येत नाही."

मालकीणबाईंनी बाईंकडे पाहिले. "साहेब नेहमी असेच?"

"नाही. आज परक्या दुकानात आहेत म्हणून जरा संकोचताहेत."

विश्वास आणि चाचणी या सख्ख्या जावा आहेत. एका घरात नांदतात, एकमेकींच्या अडीअडचणीला धावतात, पण एका चुलीवर दोघींचे भांडे बसत नाही. तपासनिसांच्या घरात आजवर धाकटीचे, म्हणजे चाचणीचेच राज्य चालले होते. हजार किलोंसाठी बांधलेल्या लिफ्टमध्ये जास्त वजन भरले तरी ती लिफ्ट संपत नाही. उद्या तीच लिफ्ट माणसे नेते. एकदाच चालणाऱ्या वस्तूशी त्यांची गाठ पडली नव्हती.

"आगपेटीतली प्रत्येक काडी पेटवून बघता का तुम्ही?" बाईंनी विचारले.

"काडी नाही पेटली तर दुसरी असते. समुद्रात दुसरं जाकीट कुणाकडे मागू?"

मालकीणबाईंनी शेवटचा उपाय काढला. प्रत्येक सिलिंडरवर त्याचे वजन कोरलेले असते. काट्यावर ठेवून बघायचे. तेवढेच भरले तर गॅस आत शाबूत आहे. तपासनिसांचा चेहरा जरा उजळला. दुकानातल्या काट्यावर मात्र त्यांनी वजन करू दिले नाही. विकणाऱ्याचा काटा त्यांना चालत नसे. ते पुढे निघाले. बाई मालकीणबाईंशी काही बोलत मागे थांबल्या आणि पिशवी सावरत बाहेर आल्या.

घरी आधी स्वयंपाकघरातला काटा तपासला गेला. त्यासाठी साखरेची बंद पुडी ठेवली. काटा बरोबर निघाला, पण पुडीवरचा आकडा कुणी तपासला होता, हा प्रश्न उरलाच. तो दुसऱ्या कंपनीच्या पुडीने सुटला. मग दोन्ही सिलिंडरे तोलली गेली आणि बरोबर भरली. मग तपासनिसांनी दोन्ही जाकिटे तोंडाने फुगवून बैठकीच्या खोलीत सोफ्यावर ठेवली, हवा टिकते का ते पाहायला. सकाळी शेजारीण वाटी परत द्यायला आली, तिने सोफ्याकडे पाहिले आणि पाहुणे आलेत वाटते, म्हणून दारातूनच परतली. हवा टिकली होती.

शुक्रवारी तपासनिसांनी जाहीर केले, "नव्वद टक्के समाधान झालंय."

"आणि उरलेले दहा?"

"पाण्यात पडल्यावर झडप उघडते की नाही, ते. ते कळल्याशिवाय मी सही..." ते थांबले. "ते दहा टक्के किनाऱ्यावरच राहतील, असं दिसतंय."

नवरा राहिला तर आपणही राहणार, हे बाईंना कळत होते. त्यांनी पिशवी भरायला घेतली. बोलणाऱ्या बायकोला उत्तर देता येते. न बोलता पिशवी भरत बसलेल्या बायकोपुढे नवऱ्याची मात्रा चालत नाही. तपासनीस दोनदा पाणी प्यायले आणि झोपले.

शनिवारी सकाळी ते जाकीट घालूनच घरातून निघाले. खालचे पट्टेही अडकवलेले होते. बसमध्ये शेजारच्या गृहस्थांनी जरा सरकून विचारले, "कुठं दुरुस्तीचं काम निघालंय का?" तपासनीस म्हणाले, "तपासणीचं." गृहस्थ आणखी सरकले.

मेहुणा होडीवर दोर सोडवत होता. बाईंनी धक्क्यावरून होडीत पाय टाकला, इतका सहज, की जणू त्या रोज टाकत होत्या. मेहुण्याने हात पुढे केला. "या भावोजी. भरती आहे तोवर निघू."

तपासनिसांनी धक्का आणि होडी यांमधल्या फटीत वाकून पाहिले. लिफ्ट तुटून माणसे पडत नाहीत, उंबरठ्यावर पडतात, असे ते नव्या उमेदवारांना सांगत. ते सरळ झाले. मग वळून धक्क्याच्या दुसऱ्या, मोकळ्या बाजूला गेले आणि त्यांनी विचारले, "इकडे खोल किती आहे?"

"दोन पुरुष असेल. का?"

तपासनिसांनी घड्याळ काढले, चष्मा काढला, दोन्ही रुमालात गुंडाळून धक्क्याच्या मधोमध ठेवले. आणि तळमजला आल्यावर लिफ्टमधून बाहेर पडावे, तसे ते पाण्यात उतरले.

पाय घसरला, असे मेहुणा पुढे सगळ्यांना सांगत असे. बाई त्याला दुजोरा देत नसत.

एक दबका फट्ट आवाज झाला, आणि तपासनीस पाण्यातून वर आले ते आधीच उताणे. मानेभोवती लाल पट्ट्यांतून बाहेर आलेले दोन पिवळे फुगे, मध्ये चेहरा, चेहऱ्यावर आभाळ. मेहुणा दोर घेऊन धावला, पण त्यांनी हात वर करून त्याला थांबवले. मग शिट्टी वाजवली. दिवा लागल्याची खात्री केली. टोपडे तोंडावर ओढून पाहिले आणि पुन्हा मागे सारले. शेवटी पाण्याखाली चाचपले आणि म्हणाले, "खालचे पट्टे योग्य आहेत."

त्यांना वर काढल्यावर मेहुणा पायरीवरच बसला. "झालं ताई. सिलिंडर गेलं. दुकान उघडायला वेळ आहे, तोवर भरती जाईल. रिकाम्या जाकिटावर मी यांना नेणार नाही. आणि दोघांनी रात्र काढता येत नाही."

बाईंनी पिशवी उघडली. सगळ्यात वर कोरडे कपडे होते. त्याखाली मेहुण्याने सहज ओळखले असे एक खोके: नवे सिलिंडर आणि नवी झडप. त्याखाली टॉवेलात गुंडाळलेला, स्वयंपाकघरातला काटा.

"तू हे कधी घेतलंस?" तपासनिसांनी विचारले.

"तुम्ही दुकानातून पुढे निघालात तेव्हा. केस पुसा आधी."

होडी हलत होती, म्हणून वजन धक्क्यावर झाले. अंगावरून पाणी गळत असलेले तपासनीस उकिडवे बसून काट्याकडे बघत होते, आणि मेहुणा एकदा काट्याकडे, एकदा पाण्याच्या पातळीकडे बघत होता. वजन बरोबर भरले. तपासनिसांनी ते सिलिंडर हातात फिरवले. मागचे तपासून झाले होते आणि संपले होते; हे भरलेले होते आणि न तपासलेले. सगळे पुन्हा मूळ पदावर आले होते.

"हिचंही तपासलेलं नाही," ते मेहुण्याला म्हणाले. मग बायकोकडे वळले. "तुझं जाकीट. तुझी झडप उघडेल की नाही, ते आपण पाहिलेलंच नाही."

"माझ्या जाकिटावर तुम्ही परवा पूर्ण दिवस घालवलाय," बाई म्हणाल्या. "मला तेवढं पुरतं."

मग त्यांनी नवी झडप लावली, नवे सिलिंडर फिरवून घट्ट बसवले, जाकिटाची घडी केली, ते गळ्यात घातले, चष्मा लावला, आणि फटीत न बघता होडीत पाय टाकला.

दुपार कलली तेव्हा मागे राहिलेली डोंगराची शेवटची रेघ पाण्यात मिटून गेली. बाई होडीच्या मध्यावर उभ्या राहून सावकाश गोल वळल्या, एकदा पूर्ण, आणि पुन्हा एकदा.

"किनारा कुठल्याच बाजूला दिसत नाही," तपासनीस म्हणाले. अहवालात दोष नोंदवावा, तसा त्यांचा स्वर होता.

"तेच बघायला आले होते," बाई म्हणाल्या.

तपासनिसांनी हात लांब करून त्यांच्या जाकिटाला अडकवलेला, होडीच्या दोराचा हूक एकदा ओढून पाहिला. तो धरून होता. मग तेही बघू लागले.